धावत्या लाटेवर चढणारे इलेक्ट्रॉन

नगर रस्त्यावर कारेगावात रात्री आकाश पुरतं काळं कधी होतच नाही. रांजणगाव एमआयडीसीच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो. पण हे कारखाने नव्हते त्या काळातली एक रात्र मला इथून पाहायला फार आवडली असती. ती रात्र ४ फेब्रुवारी १८७२ ची. त्या रात्री मुंबईतून ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा दिसल्याची नोंद आहे. मुंबई–एडन समुद्री तारेवरचे संदेश कित्येक तास विस्कळीत झाले होते. मुंबई आणि कारेगाव दोन्ही एकोणिसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली, आणि फेब्रुवारीत देशावरचं आभाळ बहुधा निरभ्र. जे मुंबईकरांनी पाहिलं, ते इथल्या घोडनदीच्या काठावरूनही दिसण्याजोगं होतं.

हा प्रकाश कसा पेटतो, याचं उत्तर बहुतेकांना एका वाक्यात ठाऊक असतं : सूर्यावरून कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, ते हवेवर आदळतात. एवढ्यावर थांबलं तर खरी गंमत हातची जाते. एक व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते तो एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. सूर्यावरून येणाऱ्या कणांच्या झोतातल्या, म्हणजे सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनकडे साधारण दहाच्या आसपास इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. अरोरा पेटवणाऱ्यांकडे मात्र हजारो. म्हणजे त्यांचा हा जोर सूर्याकडून आलेला नाही, तो पृथ्वीच्या अंगणात मिळालेला आहे.

सौरवाऱ्याच्या रेट्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं लांबवर ताणलं जातं. ताण अति झाला की तिथल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात आणि झटक्याने पृथ्वीकडे आखडतात. गोठ्यातल्या खुंट्याला बांधलेलं लांब दावं हिसडलं की त्यावरून लाट खुंट्यापर्यंत धावत जाते, तशीच लाट या रेषांवरून पृथ्वीकडे निघते. हान्नेस आल्फव्हेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये अशा लाटांचं भाकीत केलं; १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता इलेक्ट्रॉन त्या लाटेवर चढतो कसा? चालती एसटी पकडायची तर दांडा धरण्याआधी तिच्या वेगाने धावावं लागतं. उभा राहिलेला माणूस मागे पडतो. लाटेसोबत तिचं विद्युतक्षेत्रही धावत असतं आणि त्याचा काही भाग चुंबकीय रेषेच्या दिशेने असतो. ज्या इलेक्ट्रॉनचा वेग लाटेच्या वेगाशी जवळपास जुळतो, त्याला हे क्षेत्र सतत एकाच दिशेने ढकलत राहतं. बाकीच्यांना क्षणात पुढे, क्षणात मागे; त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. लेव्ह लान्दाऊ यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या गणिताचं हे मूर्त रूप.

उपग्रह अशा लाटांच्या प्रदेशातून भर्रकन निघून जातो, त्यामुळे हे ऊर्जेचं देणंघेणं अवकाशात मोजणं फार कठीण. ते मोजलं गेलं लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या वीस मीटर लांबीच्या प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) यंत्रात. आयोवा विद्यापीठ आणि व्हीटन कॉलेजमधल्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा. जून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लाटेवर चढणारे इलेक्ट्रॉन थोडेच, पण त्यांना मिळणारी ऊर्जा सिद्धांताशी जुळली. अवकाशात असे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने खाली येतात. लाट हा एकच मार्ग नाही, हेही सांगायला हवं. पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर हजारो व्होल्टचा स्थिर फरकही तयार होतो. अरोराचे अनेक ठसठशीत पट्टे त्यातून पेटतात.

आपल्यासारख्या दक्षिणेकडच्या माणसाला दिसलाच तर हा प्रकाश लालच का दिसतो? ऑक्सिजनचा अणू लाल प्रकाश सोडायला दीड–दोन मिनिटं घेतो. दाट हवेत तोवर त्याला दुसऱ्याचा धक्का बसतो आणि ऊर्जा वाया जाते. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच टिकतो, आणि दूरवरून क्षितिजावर तेवढाच वरचा भाग डोकावतो. मे २०२४ च्या चुंबकीय वादळात लडाखच्या हानले वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनीही लाल झळाळीच टिपली.

महाराष्ट्रात या वादळांचा माग अलिबागला ठेवला जातो. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असं ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांनी कुलाबा वेधशाळेची उपकरणं बिघडू नयेत म्हणून तिचे प्रमुख नानाभाई मूस यांनी चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवलं. १९०४ पासून ते तिथे चालू आहे.