ध्वनिमुद्रणातील कालसमायोजन आणि लोकगीतांची लय : झाडीपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोंदिया जिल्ह्यातील कामठा परिसर झाडीपट्टीच्या धानपट्ट्यात मोडतो. या पट्ट्यात पावसाळ्यात बांधीमध्ये रोवणीची गाणी गायिली जातात आणि दिवाळीनंतरच्या मंडईत खडीगंमत, दंडार सादर होते. आज ही गाणी भ्रमणध्वनीवरही सहज मुद्रित करता येतात आणि पुढे संगणकावर ती ‘साफ’ केली जातात. या साफसफाईत ध्वनीची कालस्थिती बदलणे हा मोठा भाग असतो. यंत्रामुळे निर्माण झालेला विलंब आणि गायकाने घेतलेला विलंब या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिला दुरुस्त करणे आवश्यक आहे. दुसरा दुरुस्त केल्यास अभ्यासाचे साधनच नष्ट होते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यांत्रिक विलंब :
संगणकीय ध्वनिमुद्रणात एका सेकंदाचे सामान्यतः ४४,१०० नमुने घेतले जातात. म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ४४ नमुने येतात. आधी मुद्रित केलेली ढोलकी कानाला लावून त्यावर गाणे मुद्रित केले, तर ध्वनी संगणकाबाहेर जाऊन पुन्हा आत येईपर्यंत काही काळ जातो आणि नवी पट्टी मागे पडलेली दिसते. त्यात गायकाचा काहीच दोष नसतो. हा विलंब मोजण्याची रीत सोपी आहे. ठोक्यांची पट्टी वाजवून ती तारेने त्याच संगणकात पुन्हा मुद्रित करावी, दोन्ही पट्ट्यांवरील शिखरांमधील अंतर मोजावे आणि तेवढीच नवी पट्टी मागे ओढावी. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ही भरपाई एकदाच नोंदवून ठेवता येते. तिच्या जुन्या पुस्तिकांत उल्लेखिलेले ‘टाइम शिफ्ट’ साधन २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून वगळण्यात आले असून आता ध्वनिखंडाच्या वरच्या पट्टीला धरून तो सरकविता येतो.

अंतरामुळेही विलंब होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यामुळे शाहिरापासून १० मीटरवर ठेवलेल्या मुद्रकावर त्याचा आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन स्वतंत्र मुद्रक वापरले असता अडचण अधिक सूक्ष्म होते, कारण प्रत्येकाचे घड्याळ किंचित वेगळे चालते. दहा लाख नमुन्यांमागे केवळ २० नमुन्यांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात ते कानाला सहज जाणवेल. म्हणून आरंभी एक टाळी आणि अखेरीस दुसरी टाळी मुद्रित करावी. पहिली पट्टी सरकविण्यासाठी, तर दुसरी ताणण्यासाठी उपयोगी पडते.

ताणणे आणि त्याची किंमत :
केवळ वेग वाढविला तर सूरही चढतो. सुमारे ६ टक्के वेगवाढीने जवळजवळ अर्धा स्वर वर जातो. सूर तोच ठेवून काळ बदलण्यासाठी ध्वनीचे एकमेकांवर चढणारे सूक्ष्म तुकडे करून त्यांच्यातील अंतर कमी-अधिक केले जाते. ‘फेज व्होकोडर’ नावाची या प्रकारातील एक मूलभूत पद्धत फ्लॅनगन व गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडली. दीर्घ स्वरांवर ती उत्तम चालते, परंतु ढोलकीची थाप तिच्यामुळे पसरट होण्याचा धोका असतो. घड्याळांतील सूक्ष्म फरकासाठी अशा ताणण्याची गरजच नसते, साधा वेगबदल पुरतो आणि त्याने सुरात होणारा बदल ऐकूही येत नाही.

गायकाची लय :
खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रणाली प्रत्येक आघात शोधून समान अंतराच्या चौकटीवर नेऊन बसवू शकते. चित्रपटसंगीताच्या कारखान्यात ते चालते. (तेथेही किती चालावे, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे.) परंतु खडीगंमतीत शाहिराने ओळ सोडल्यावर साथीदार ती उचलतात, रंग चढला की लय वाढते. ती वाढ हाच रंग होय. रोवणीच्या गाण्यात तर तालवाद्यच नसते. वाकून रोप लावणारा हात आणि चिखलातून मागे सरणारे पाऊल यांनी तेथे लय ठरते. अशा गाण्यावर कोणती चौकट लावणार?

या दृष्टीने जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प उद्बोधक आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी आरंभिलेल्या या कार्यात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ध्वनिमुद्रणात त्यांच्यासोबत असलेले बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक होते. १९८० च्या दशकात जेम्स किप्पेन यांच्यासमवेत त्यांनी तबल्याच्या बोलांचे व्याकरण संगणकास शिकविणारी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली विकसित केली होती. एकाच मुद्रकावर बाईचा आवाज आणि जात्याची घरघर एकत्र मुद्रित झालेली असेल, तर ओवीचा शब्द सरकविताना त्याखालची घरघरही तुटते. म्हणजे श्रम आणि गाणे यांच्या संबंधाचा जो पुरावा टिपलेला असतो, तोच कात्रीत सापडतो.

यावर एक मार्ग आहे. गाणे चौकटीकडे नेण्याऐवजी चौकट गाण्याकडे आणावी. ऐकता ऐकता प्रत्येक आघातावर खूण करीत गेल्यास गायकाच्या लयीचाच नकाशा तयार होतो. दोन खुणांमधील अंतरे मिलिसेकंदांत वाचता येतात, लय कोठे वाढली आणि कोठे थबकली हे तक्त्यात मांडता येते, आणि मूळ ध्वनी अबाधित राहतो.

विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय प्रकल्पांसाठी म्हणून एवढे बंधनकारक असावे : मूळ फाईल असंपीडित स्वरूपात वेगळी जतन करणे, समायोजन केवळ प्रतीवर करणे, आणि कोणती पट्टी, किती मिलिसेकंद, कोणत्या यांत्रिक कारणास्तव सरकविली याची नोंद प्रकल्प-अहवालास जोडणे. ज्या बदलाचे यांत्रिक कारण लिहिता येत नाही, तो बदल प्रतीतूनही काढून टाकावा.