चिप्पीचं फूल आणि गुहेतलं वटवाघूळ

मलेशियाच्या लंकावी बेटावर किलिम नदीच्या मुखाशी पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या होड्यांचे थांबे ठरलेले असतात: कांदळवन, घारी-गरुडांचा थवा, वटवाघळांची गुहा. वाटाड्या कांदळाची कमानदार मुळं दाखवतो, मग चाळीस कोटी वर्षांहून जुना चुनखडीचा कडा. 2007 साली युनेस्कोने लंकावीला जागतिक भूउद्यानांत स्थान दिलं, तेही मुख्यतः इथल्या खडकांच्या जोरावर. सांगितली जाणारी माहिती खरीच असते, पण तिचे कप्पे पडलेले असतात: झाडं वेगळी, दगड वेगळे. वास्तविक गुहा आणि कांदळवन हा एकच संसार आहे. त्यांना जोडणारा जीव रात्री उडतो, म्हणून दिवसाच्या फेरीत तो दुवा दिसत नाही.

पुरावा फुलातच आहे. उष्ण कटिबंधातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाढणाऱ्या चिप्पी या कांदळवनातल्या झाडाचं फूल संध्याकाळी उमलतं. पाकळ्यांचा थाट जवळपास नाहीच; पांढऱ्या पुंकेसरांचा भरगच्च झुबका, तळाशी भरपूर मध आणि आंबूस वास. सकाळपर्यंत झुबका झडून पाण्यावर तरंगू लागतो. एका रात्रीत काम उरकणाऱ्या या फुलाचं गिऱ्हाईक म्हणजे लांब जिभेचं, जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वजनाचं मधुभक्षी वटवाघूळ. ते राहतं मात्र गुहेत. 1970च्या दशकात क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांमध्ये अशा वटवाघळांच्या विष्ठेतले परागकण तपासले, तेव्हा त्यात चिप्पीचेही सापडले. चिप्पीची झाडं तर होती सुमारे 38 किलोमीटर दूर, किनाऱ्यावर! याच वटवाघळांवर ड्युरियन या फळाच्या बागाही अवलंबून असतात. पण ड्युरियन हंगामी, चिप्पी जवळपास वर्षभर फुलणारी. म्हणजे बागायतदाराच्या परागवाहकांना बाकीचे महिने खाडी पोसते. बाजारात महागड्या फळाचा भाव करणाऱ्याला ही उधारी ठाऊक नसते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. किलिममध्ये कांदळाच्या जातींचा भरणा मोठा, त्यांचे पराग वारा वाहून नेतो. गुहेत लटकणारी पुष्कळशी वटवाघळंही मध पिणारी नसून किडे खाणारी. चिप्पीवर निशाचर पतंगही येतात, काही प्रमाणात स्वपरागणही होतं. मग वटवाघळाचं एवढं कौतुक कशाला? कारण इथे झाडांच्या मोजदादीपेक्षा जागा महत्त्वाची. चिप्पी समुद्राच्या बाजूला, लाटांच्या तोंडावर उभी राहते. चिखलातून वर आलेल्या तिच्या टोकदार श्वसनमुळांत गाळ अडकतो आणि आतल्या झाडांना आडोसा मिळतो. आघाडीच्या या झाडात नवं रक्त हवं तर दूरच्या झाडांचे पराग आणणारा हवा. अंगभर केस असलेलं, एका रात्रीत कित्येक मैल जाणारं वटवाघूळ हे काम पतंगापेक्षा सरस करतं.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. पर्यटन नसतं तर कांदळवन कोळशाच्या भट्टीत किंवा कोळंबीच्या तळ्याखाली गेलं असतं, असं होडीवाले म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण त्यासाठी गुहेच्या छतावर बॅटऱ्यांचे झोत मारावे लागत नाहीत. कोंबडीची कातडी फेकून घारी जमवाव्या लागत नाहीत, की लाटांनी काठ पोखरेल इतक्या वेगाने इंजिनं हाकावी लागत नाहीत. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट हातांनी वल्ही मारून कांदळवन दाखवतो. महाराष्ट्राने 2020 साली राज्य कांदळवृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीच्याच पाणथळीत त्यांची होडी फिरते. खरी अडचण होडीपलीकडची आहे. सिमेंटसाठी चुनखडीचे डोंगर, त्यांतल्या गुहांसकट, मलेशियात सर्रास फोडले जातात, आणि त्या खाणीचा परवाना देताना तीस-चाळीस किलोमीटरवरच्या खाडीचं नुकसान कोणाच्या हिशेबात धरलं जात नाही. खाण डोंगरात, खाडी किनाऱ्यावर, कागदोपत्री दोघांचा संबंधच नाही. उद्यानाची हद्द नकाशावर आखताना वटवाघळाच्या रात्रीच्या उड्डाणाचा पल्ला धरायला हवा.