हात बसलाय, मग चार वर्षं कशाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला : "बाई, पोराचा हात चांगला बसलाय. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही चित्रकला परीक्षा झाल्यात. मग मुंबईला चार वर्षं आणखी काय शिकवणार?"

मी तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत उपयोजित कला शिकले. बसलेला हात प्रवेशासाठी लागतो. सीईटीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढायचं असतं, तिथं तो उपयोगी पडतो. आत गेल्यावर मात्र "छान काढलंस" हे शब्द फारसे कानावर येत नाहीत. तिथला प्रश्न असतो, "असंच का?"

समजा, एसटी स्थानकासाठी पाट्या करायच्या आहेत. थेट रंगवायला बसायचं नाही. आधी स्थानकावर जाऊन उभं राहायचं. पाटी कोण वाचतं, किती लांबून, रात्रीच्या उजेडात 'घ' आणि 'ध' वेगळे दिसतात का, हे बघायचं. मग डझनभर छोटे आराखडे करायचे, त्यांना थंबनेल म्हणतात. त्यातले बहुतेक बाद होतात. लाल रंग का घेतला, याला "उठून दिसतो" एवढं उत्तर पुरत नाही. कशावर, कुणाला, हेही सांगावं लागतं. शेवटी ज्यूरीपुढे आपल्या कामाची बाजू मांडायची. बुजऱ्या मुलांना हेच सगळ्यात जड जातं, आणि हेच पुढं जन्मभर कामी येतं.

कलेनं लोकांच्या वापरासाठी काम करणं ही काही नवी टूम नव्हे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1853 साली एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 साली जे. जे.चे वर्ग सुरू झाले, ते कारागिरांना तयार करायलाच. 1865 साली आलेले शिक्षक लॉकवूड किपलिंग यांची उठावशिल्पं जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर आहेत. जवळच्याच व्हीटी, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्थानकाच्या नक्षीकामाला तर विद्यार्थ्यांचे हात लागले. रस्ता ओलांडला की आपल्या शाळेचं दीडशे वर्षांपूर्वीचा गृहपाठ दिसतो, असं भाग्य किती कॉलेजांना? जाहिरातकलेचा, म्हणजे आजच्या उपयोजित कलेचा विभाग 1935 साली निघाला, पुढं 1961 साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. विंडोजच्या संगणकावर अनेक वर्षं मराठी अक्षरं दाखवणारा 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींचा. तेही जे. जे.तच शिकले.

खर्चाचंही सांगते. सरकारी संस्थेची फी खासगीपेक्षा कमी असते; खिसा रिकामा होतो तो कागद, रंग, प्रिंट आणि राहण्याखाण्यावर. त्याची तजवीज आधी करा.

आणि मुलाची पारख करायची असेल तर फ्रेम केलेली चित्रं बाजूला ठेवा. त्याची रफ वही मागा. एकच वस्तू त्यानं पुन्हापुन्हा वेगळी काढून पाहिलीय का, खोडून पुन्हा मांडलीय का, ते बघा. तशी पानं सापडली, तर बेलाशक पाठवा.