पश्चिम घाटाचे ज्ञान कोणाकडे आहे?

केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ च्या पहाटे डोंगर कोसळून मुंडक्काई व चूरलमला या वस्त्या गाडल्या गेल्या. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर ही छोटी संस्था स्थानिक रहिवाशांच्या साहाय्याने जिल्ह्यात दोनशेहून अधिक ठिकाणी रोजचा पाऊस मोजते. दुर्घटनेच्या आदल्या सकाळी तिने जिल्हा प्रशासनाला सावध केले होते. जवळच्या पुत्तुमला भागात दोन दिवसांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला असून तो असाच पडत राहिल्यास दरडी कोसळतील, असे तिचे म्हणणे होते. पुत्तुमला येथे २०१९ साली दरड कोसळून १७ जणांचा बळी गेला होता, तेव्हा ही भीती निराधार नव्हती. हवामान खात्याचा लाल इशारा मात्र ३० तारखेला सकाळी, म्हणजे सारे घडून गेल्यावर आला.

तापमानवाढीमुळे त्या दिवसाचा पाऊस सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता, असे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पुढे सांगितले. हे ज्ञान मोलाचेच आहे. परंतु कोणत्या उतारावरची माती केव्हा सुटते, हे उताराखाली राहणाऱ्यालाच आधी कळते. त्याचे ज्ञान कच्चे असते असे नव्हे. त्यावर शिक्का नसतो, एवढेच.

डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला पश्चिम घाटाविषयी अहवाल सादर केला. वायनाडमधील वैतिरी तालुका, ज्यात ही गावे येतात, तो त्यात सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत होता. मात्र कोठे काय करावे याचा अंतिम शब्द ग्रामसभांचा असावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. सरकारने अहवाल दडवून ठेवला. माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर मे २०१२ मध्ये तो खुला झाला, तोही इंग्रजीत. ज्यांना विचारायचे, त्यांना तो वाचताच येऊ नये, याला काय म्हणावे? त्यानंतर आलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला. उपग्रहाला झाडे दिसतात. झाडांखालच्या माणसांचे म्हणणे त्याला ऐकू येत नाही.

येथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. या दोन्ही अहवालांविरुद्ध इडुक्की व मलबार भागांत जे आंदोलन पेटले, त्यात काही धर्मगुरू अग्रभागी होते. वेलची-मिरीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला आपली जमीन जाईल असे वाटत होते. ती भीती खरी होती आणि मेंढपाळाने कळपाबरोबर उभे राहणे स्वाभाविकही होते. परंतु गाडगीळ अहवालात विस्थापनाची शिफारस नव्हती; तीव्र उतारांवर वार्षिक पिकांऐवजी बहुवर्षायू पिके घ्यावीत, असे त्यात सुचविले होते. तो अहवाल मल्याळममधून घरोघरी आधी पोहोचला असता, तर त्या मोर्चांतील मागण्या वेगळ्या असत्या, असे मला वाटते. दगडखाणींच्या मालकांना मात्र हा गैरसमज सोयीचाच होता.

पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकातील १४६ वा परिच्छेद याच संदर्भात वाचावा. मूळनिवासी समाजांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येऊ घातले असतील, तेव्हा संवादात प्रमुख स्थान त्यांचेच असावे, असे त्यात म्हटले आहे. अनेक जणांपैकी एक म्हणून त्यांना बसवून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे केंद्र असलेल्या सावंतवाडी आणि शेजारच्या दोडामार्ग तालुक्यांतील २५ ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत, असे ठराव स्वतः होऊन केले. गाडगीळ समितीने त्यांची आवर्जून नोंद घेतली. लोकांना निसर्गरक्षण नकोच असते, या समजाला याहून चोख उत्तर कोणते? पण पुढच्या समितीच्या यादीत दोडामार्ग तालुका आलाच नाही. त्याच तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीला गावकऱ्यांनी पूर्वीच विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचे पाणी घरांत व बागायतीत शिरले.