इंजिनाच्या नाकातली धूळ

मळणीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन पाहा. भुसा उडत असतो. धुळीने समोरचा माणूस दिसत नाही. बाया नाकातोंडाला पदर बांधतात. गडी माणसे उपरणे गुंडाळून घेतात. धूळ छातीत गेली की खोकला लागतो, हे कोणाला शिकवावे लागत नाही.

तिथेच इंजिन चालू असते. तेही श्वास घेते, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ मोठा घेते. त्याच्या नाकावरही कारखान्यातून एक फडके बांधून आलेले असते. त्याचे नाव एअर फिल्टर, म्हणजे हवेची गाळणी. गवत कापायचे यंत्र असो, कोळपणीचा पॉवर वीडर असो की पाण्याचा पंप असो, इंजिन आले की ही गाळणी आलीच. पण सगळ्या यंत्रात हिच्याइतके दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडे होत नाही, असे आम्हाला दिसते.

इंजिनाला हवा कशाला लागते? चुलीला लागते त्याचसाठी. फुंकणीने वारा घातला नाही तर लाकूड नुसते धुमसते. पेट्रोलचेही तसेच. १ लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. २०० लिटरचे पिंप तुम्ही पाहिले असेल. तशी ४५ पिंपे भरून हवा, आणि तीही एका लिटरला! एवढी हवा इंजिन ओढून घेते. जिथे उभे असेल तिथलीच ओढते. शेतात उभे असेल तर शेतातल्या धुळीसकट.

तुम्ही म्हणाल, माती ती केवढी मऊ! चिमटीत धरली तर पीठ होते. ती लोखंडाचे काय वाकडे करणार?

मऊ लागते खरी, पण तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात. एक गारगोटी घ्या आणि जुन्या चाकूच्या पात्यावर घासा. पात्यावर ओरखडा उठेल. गारगोटीला काही होणार नाही. कण डोळ्यांना दिसेनासा बारीक झाला, तरी त्याचा कठीणपणा जात नाही बरं का.

इंजिनाच्या पोटात एक गुळगुळीत नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली धावतो. दट्ट्याभोवती लोखंडी रिंगा असतात. रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, केसाहूनही पातळ. धुळीचा कण या थरात शिरला की दोन्ही बाजूंना घासत जातो. मेस्त्री व्हॉल्व्ह घासून बसवायला एक लेप वापरतात. तेल आणि धूळ मिळून तसाच लेप तयार होतो. तोच लेप तेलाबरोबर खाली उतरतो आणि बेअरिंगेही खातो.

छोटे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,६०० फेरेसुद्धा घेते. म्हणजे तासाला २ लाख १६ हजार फेरे. दर फेऱ्याला दट्ट्या एकदा वर जातो, एकदा खाली येतो. "आमच्या आजोबांचं इंजिन जन्मभर चाललं, त्याला कुठं काय केलं होतं?" असे पुष्कळ जण विचारतात. आजोबांचे इंजिन बहुधा जड चाकाचे, लिस्टर जातीचे असेल. ते मिनिटाला ६५० फेरे घेई, आणि विहिरीवर छपराखाली एका जागी उभे असे. आजचे यंत्र पाचपट जोराने पळते आणि स्वतःच उडवलेल्या धुळीत फिरते. दोघांची बरोबरी कशी व्हावी?

एका गावात पाच जणांनी मिळून, कर्ज काढून पॉवर वीडर घेतला. काही दिवसांनी त्यातून काळा धूर येऊ लागला, जोर कमी पडू लागला, पेट्रोलही जास्त लागू लागले. गाळणी धुळीने बुजली होती, एवढेच कारण. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर. एका हुशार पोराने गाळणी काढूनच टाकली. यंत्र लगेच चांगले पळू लागले! सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

हंगाम संपायच्या आत दोरी दहादा ओढावी लागू लागली. दोरी हाताला हलकी लागे, कारण आत दाब राहिला नव्हता. आता धूर निळसर येई. तेल रोज कमी होई. शेवटी मेस्त्रीने इंजिन उघडले.

"मेस्त्री, कंपनीनं माल हलका दिला वाटतं," एक जण म्हणाला.

"माल चांगला होता, दादा. सिलिंडरात बोट घालून बघा."

बोटाला उभे ओरखडे लागत होते. झिजून रिंगांच्या कडा चाकूसारख्या झाल्या होत्या. गाळणी काही शेकड्यांत मिळते. इथे खर्च हजारांत गेला, आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले.

तर गाळणी साफ कशी करायची? आधी ती कोणत्या जातीची आहे ते पाहा, कारण एकीचे औषध दुसरीला विष आहे.

स्पंजाची असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. दाबून पाणी काढा, पिळू नका, पिळले की ती फाटते. सावलीत पुरती वाळू द्या. मग इंजिनाच्या स्वच्छ तेलाचे थोडे थेंब टाकून सगळीकडे मुरवा आणि जादा तेल दाबून काढा. पेट्रोलने मात्र धुऊ नका. त्याने भडका उडतो.

कागदाची असेल तर पाणी नको, तेल तर नकोच नको. हलकेच आपटून धूळ झाडा. पंक्चरवाल्याकडची जोराची हवा मारू नका. त्या जोराने कागद फाटतो, आणि फाटलेली गाळणी म्हणजे नसलेलीच गाळणी. उन्हाकडे धरून पाहा. उजेडाचे बारीकसे भोक दिसले तरी नवी आणा. कागद तेलाने भिजला असेल तरीही नवीच. ट्रॉलीतून नेताना यंत्र आडवे पाडले की हे तेल गाळणीत उतरते. म्हणून यंत्र उभेच न्यावे.

काही डिझेल इंजिनांना तेलाची वाटी असते. आत येणारी हवा तेलापाशी झटकन वळते. धूळ जड, तिला वळता येत नाही, ती तेलात पडते. उरलेली वरच्या जाळीत अडकते. वाटीत चिखल साठला की तो काढा आणि नवे तेल खुणेपर्यंतच घाला. जास्त घातले तर इंजिन ते तेलही ओढून घेते.

किती दिवसांनी साफ करायची ते यंत्राच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण धुळीत काम असेल तर रोज उघडून पाहा. उघडण्याआधी झाकणावरची धूळ फडक्याने पुसा, नाही तर तीच आत पडेल. गाळणीच्या पलीकडे, इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. बोट स्वच्छ निघाले तर ठीक. धूळ लागली तर गाळणी फाटली आहे, नीट बसलेली नाही, किंवा रबरी नळी चिरली आहे.

नवी गाळणी आणायला जाल तेव्हा जुनी बरोबर न्या. इंजिनाच्या पट्टीवरचा नंबरही कागदावर उतरून घ्या. दुकानदार म्हणाला, "हीपण बसंल," तर जुनीच्या शेजारी ठेवून उंची आणि घेर ताडून पाहा. सूतभर जरी कमी असली, तरी कडेला फट राहते आणि धूळ तिथूनच आत जाते.