धर्मावेश आणि शांती : ज्यू परंपरेतील एका कथेचे विवेचन

धर्माविषयीची उत्कट तळमळ हा सद्गुण मानावा, की समाजाला संकटात लोटणारी वृत्ती? ज्या ग्रंथात शस्त्र उचलणाऱ्याचाच गौरव झाला आहे, तो ग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे? ज्यू विचारवंतांना या प्रश्नाने शतकानुशतके अस्वस्थ केले आहे. त्यांनी शोधलेल्या उत्तराचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

मूळ कथा तोरातील ‘गणना’ या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. मिसर देशातून बाहेर पडलेले इस्राएल लोक शिट्टीम येथे मुक्कामास असताना मवाबी स्त्रियांच्या संगतीने बआल-पौर या दैवताच्या भजनी लागले. ईश्वराचा कोप होऊन मरी पसरली. अशा वेळी शिमोन वंशातील जिम्री नावाच्या सरदाराने कजबी या मिद्यानी सरदारकन्येला सर्वांदेखत छावणीत आणले. तेव्हा अहरोनचा नातू फिनहास याने भाला उचलून दोघांनाही ठार केले. मरी थांबली; तोवर २४,००० माणसे मृत्युमुखी पडली होती. यानंतर ईश्वराने फिनहासच्या आवेशाची प्रशंसा केली आणि त्याला ‘शांतीचा करार’ दिला, असे ग्रंथ सांगतो.

येथेच अडचण उभी राहते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे देहदंड देण्यासाठी २३ न्यायाधीशांचे न्यायालय, दोन साक्षीदार आणि गुन्ह्यापूर्वी दिलेली ताकीद आवश्यक असते. फिनहासच्या कृत्यात यांपैकी काहीही नव्हते. मग त्याचे कृत्य अनुकरणीय समजावे काय?

तालमूदकारांनी मूळ वचन नाकारले नाही; परंतु त्याभोवती भक्कम कुंपण घातले. ‘सन्हेद्रीन’ या प्रकरणातील चर्चेनुसार अशा प्रसंगी आवेशाने केलेली कृती शास्त्रात बसत असली, तरी कोणी विचारावयास आल्यास न्यायालयाने तिला अनुमती द्यावयाची नाही. याचा अर्थ असा, की जो विचारावयास थांबतो, त्याला अनुमतीच मिळत नाही. तालमूदकार आणखी पुढे जातात. जिम्री त्या स्त्रीपासून दूर झाल्यानंतर फिनहासने त्याला मारले असते, तर फिनहास स्वतःच देहदंडास पात्र ठरला असता. उलट जिम्रीने वळून फिनहासला ठार केले असते, तर जिम्रीला शिक्षा झाली नसती. कारण त्या क्षणी फिनहास हा ‘रोदेफ’ होता. रोदेफ म्हणजे दुसऱ्याचा जीव घेण्यासाठी पाठलाग करणारा. अशाला रोखण्यासाठी, अन्य उपाय नसेल तर, त्याचा वध करण्याचीही शास्त्राने मुभा दिलेली आहे. जेरुसलेम तालमूदमध्ये तर असे म्हटले आहे, की फिनहासचे कृत्य ज्ञानी जनांच्या इच्छेविरुद्ध होते आणि ईश्वरी वाणी मध्ये पडली नसती, तर त्यांनी त्याला बहिष्कृत केले असते.

तोराच्या हस्तलिखितातही एक खूण आढळते. फिनहासला मिळालेल्या करारातील ‘शालोम’ म्हणजे शांती या शब्दातील ‘वाव’ हे अक्षर लेखनिक मुद्दाम तुटलेले लिहितात. हिंसेतून आलेली शांती अपूर्णच असते, असा त्याचा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला आहे. व्होलोझिन विद्यापीठाचे प्रमुख नफ्ताली त्स्वी येहुदा बर्लिन (१८१६–१८९३) यांचे स्पष्टीकरण अधिक सूक्ष्म आहे. स्वतःच्या हाताने मनुष्यवध केला, की करणाऱ्याच्या अंतःकरणावर त्याचा परिणाम होतोच. तो क्रूर व संतापी होऊ नये, म्हणून त्याला शांतीची गरज होती. म्हणजे हा करार हे पारितोषिक नव्हते, तर औषध होते.

हाच विचार एलीया या संदेष्ट्याच्या चरित्रात पुढे जातो. काही प्राचीन कथांनी फिनहास व एलीया ही एकच व्यक्ती मानली आहे. कर्मेल पर्वतावरील प्रसंगानंतर बआलच्या संदेष्ट्यांचा वध करविणारा एलीया होरेब पर्वतावर जातो, तेव्हा वारा, भूकंप व अग्नी यांत त्याला ईश्वर भेटत नाही. नंतर एक मंद, सूक्ष्म स्वर येतो. तरीही एलीया आपल्या आवेशाचेच पालुपद पुन्हा उच्चारतो आणि त्याला आपल्या जागी अलीशाला नेमण्याची आज्ञा होते. उत्तरकालीन परंपरेने मात्र या एलीयाला पार बदलून टाकले. इस्राएलाने करार सोडला, अशी तक्रार करणाऱ्या एलीयाला प्रत्येक बालकाच्या सुंताविधीस साक्षी राहावे लागते. तेथे त्याच्यासाठी आसन मांडलेले असते. मिश्नातील एका मतानुसार तो शेवटी येईल तो केवळ जगात शांती प्रस्थापित करण्यासाठी. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजही एलियाहूला कोपिष्ट म्हणून नव्हे, तर कृपाळू म्हणून स्मरतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावर त्याच्या आगमनाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा असून, गोड पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करून ते त्याचे आभार मानतात.

परंतु कुंपण असले तरी ते ओलांडणारेही निघतात. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्या वेढ्यात शहरातील कडव्या गटांनी स्वकीयांचीच धान्यकोठारे जाळली, अशी नोंद तालमूदमध्ये आहे. मंदिराच्या नाशाचे कारण म्हणून त्याने ‘निष्कारण द्वेषा’कडे बोट दाखविले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीव येथे शांतता मेळाव्यानंतर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची एका ज्यू तरुणाने हत्या केली. राबिन हे ‘रोदेफ’ आहेत, असा शास्त्राधार त्याने पुढे केला. ज्या शास्त्राने फिनहासलाच रोदेफ ठरविले होते, त्याच शास्त्रातील शब्द घेऊन आवेशाने बळी घेतला, ही बाब आम्हास विशेष विचारार्ह वाटते.

ज्यू परंपरेने याच शब्दाला दुसराही अर्थ दिला आहे. हिल्लेल या आचार्याने अहरोनचे, म्हणजे फिनहासच्याच आजोबांचे, शिष्य होण्याचा उपदेश केला. कारण अहरोन हा शांतीवर प्रेम करणारा आणि शांतीचा पाठलाग करणारा होता. तेथेही शब्द ‘रोदेफ’च आहे. आवेश, धाव व चिकाटी तीच. केवळ दिशा बदललेली आहे. धर्माची तळमळ विझवावी, असे ही परंपरा म्हणत नाही. आपण कशाच्या मागे धावत आहोत, हे प्रत्येक तळमळणाऱ्याने आधी थांबून पाहावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.