निवृत्तीला तीन वर्षं उरली असतील तर

खासगी कंपनीत निवृत्तीचा महिना आला की दोन गोष्टी एकदम घडतात. पगार थांबतो, आणि आयुष्यात कधी हाताळली नाही एवढी रक्कम एकगठ्ठा खात्यात येते. बहुतेक घरांत गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीने. पैसा भरपूर दिसतो, पण तो पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा पगार असतो. सरकारी नोकरांची वाट वेगळी. इथे आपण पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर निवृत्त होणाऱ्यांची तयारी क्रमाने पाहू.

पहिलं काम खर्चाच्या वहीचं. ती वर्षभर लिहावी. किराणा, वीज, गॅस सगळ्यांना पाठ असतं. निसटतो तो वर्षातून एकदा येणारा खर्च: घरपट्टी, विम्याचा हप्ता, दिवाळी, लग्नांतले आहेर, गावच्या घराची डागडुजी, सोसायटीने अचानक काढलेलं रंगकाम. वर्षाची बेरीज करून बाराने भागली की खरा आकडा कळतो, आणि तो मनातल्या आकड्यापेक्षा जवळपास नेहमीच मोठा निघतो.

त्यावर महागाई धरावी. ती ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे ५८व्या वर्षी महिना ४०,००० रुपयांत भागत असेल, तर सत्तरीत तेच घर चालवायला ८०,००० लागतील.

दुसरं काम कागदपत्रांचं. ते कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. यूएएन, म्हणजे नोकऱ्या बदलल्या तरी कायम राहणारा पीएफचा बारा आकडी क्रमांक, वापरून आपलं खातं ऑनलाइन उघडावं. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते बघावं. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर खरी तारीख असेल तर दावा परत येतो. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, हे नेहमीचंच.

मग जुन्या नोकऱ्या. प्रत्येक जुन्या कंपनीने आपली नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का? तिथला पीएफ आताच्या खात्यात वर्ग झाला आहे का? दुरुस्तीसाठी अनेकदा मालकाचीही संमती लागते, आणि वीस वर्षांपूर्वीची कंपनी बंद पडली असेल तर वेळ जातो. तीन वर्षं आधी सुरुवात करायची ती मुख्यतः यासाठी.

आता पेन्शन. कंपनी आपल्या नावे जे १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण २०१४पासून बहुतेकांच्या बाबतीत ते १५,००० रुपये पगार धरूनच, म्हणजे महिना १,२५०. हिशेब असा: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. २८ वर्षं नोकरी झाली असेल तर तीस धरून सुमारे ६,४३० रुपये येतात. २०१४च्या आधीच्या काळाला ६,५०० रुपयांची मर्यादा लागते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येतो. पगार लाखाच्या घरात असला तरी हिशेब हाच. पीएफची पेन्शन आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही आकडेमोड आजच करावी.

पेन्शनसाठी किमान १० वर्षांची नोकरी लागते. मधल्या काळात नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील तर ती वर्षं मोजली जात नाहीत. पेन्शन पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येते, पण ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी, आणि तेही कायमचे.

एकगठ्ठा रकमेचे तीन भाग करावेत. दोन वर्षांचा खर्च बँकेत सहज काढता येईल असा ठेवावा. दुसऱ्या भागातून दरमहा घर चालवायचं. त्यासाठी पोस्टात आणि बँकांत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली आहे: कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षं. दर ८.२ टक्के असेल तर पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, आणि खातं उघडतानाचा दर मुदतभर टिकतो. हे व्याज करपात्र असतं. योजना साठीनंतरची असली तरी ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं काढता येतं. ही मुदत हुकली की साठीपर्यंत थांबावं लागतं.

तिसरा भाग दहा-बारा वर्षं न लागणारा. तो महागाईच्या पुढे पळावा म्हणून त्यातला काही हिस्सा म्युच्युअल फंडात ठेवायला हरकत नाही. सगळाच नको.

एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला ते नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. रक्कम वाटून ठेवण्याचं कारण एवढंच.

मुलाच्या फ्लॅटसाठी पैसे द्यावेत का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं मत स्पष्ट आहे: आपले पहिले दोन भाग बाजूला काढून उरलं तर द्यावं. मुलाला कर्ज मिळतं. निवृत्तीसाठी कर्ज कोणी देत नाही.

कंपनीचा आरोग्यविमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. स्वतःची पॉलिसी आधीच घ्यावी, कारण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मृत्युपत्रही करून ठेवावं. त्याला साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नॉमिनी हा सहसा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक ठरेलच असं नाही.

उरतो वेळ. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोणीतरी नवीन माणूस बसलं की स्वयंपाकघरापर्यंत कुरबुरी होतात, आणि त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. वाचनालय, भजनी मंडळ, शिकवणी, गावची शेती, जे काही असेल ते नोकरीत असतानाच शनिवार-रविवारी सुरू करावं. नंतर सुरू करू म्हटलेलं बहुधा राहून जातं. पती-पत्नींनी एकमेकांना विचारावं की दिवस कसा घालवायचा आहे. उत्तरं वेगळी निघतात. हिंडायची आवड असेल तर ६५ वर्षं पूर्ण झाली की एसटीत अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत.

पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. राहून गेला तर पेन्शन थांबते, आणि दाखला दिला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते.